गड्डम सर आणि चोवीस काड्यापेट्या

गड्डम सरांसमोर ‘विसरले’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. उच्चारला की शर्टाच्या खिशातून एक छोटी वही बाहेर यायची, कानावरची पेन्सिल हातात यायची आणि सर विचारायचे, “म्हणजे नेमकं काय झालं?”

लग्न होऊन मी साताऱ्याहून सोलापूरला आले, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. साल १९७४. नव्या सुनेच्या हातची आमटी शेजारी पोचवायची म्हणून मी वाटी घेऊन भिंतीपलीकडच्या घरी गेले. सरांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घरी येऊन चव बघितली, परत धावत गेले आणि म्हणाले, “अगंबाई, मीठ विसरले.” झालं. वही निघाली.

“मीठ घालायच्या वेळेला हातात काय होतं वहिनी?”

“पळी.”

“मग?”

“मग गिरणीचा भोंगा झाला आणि सासूबाईंनी हाक मारली.”

“हाकेनंतर परत चुलीपाशी आलात. तेव्हा मिठाचा विचारच आला नाही, की मीठ घातलंय असं वाटलं?”

यातलं कुठलं उत्तर कमी बावळट ते मला ठरवता येईना. मी म्हणाले, “घातलंय असं वाटलं.” सरांचा चेहरा असा उजळला, की जणू मी आमटीत केशर घातलं होतं. “मग हे विसरणं नव्हेच की! न झालेली गोष्ट तुम्हाला आठवली. ही जात वेगळी.” आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मागून त्यांच्या पत्नी, पद्मावहिनी, तेलुगूत काहीतरी बोलल्या. त्याचा अर्थ ‘आधी आमटी खाऊन घ्या’ असा असावा, कारण सरांनी ती मुकाट्याने संपवली. अळणीच.

घरी नवरा म्हणाला, “गेलीस ना वहीत? आता सुटका नाही.” खरंच नव्हती. वर्षभरात माझ्या नावावर त्या वहीची चौदा पानं भरली. अख्ख्या गल्लीत मी पहिली. शिक्षणात मी कधी पहिली आले नव्हते, बी. ए.सुद्धा, मराठी विषय असून, तिसऱ्या वर्गात झाले. त्यामुळे हा मान मी आजवर जपून ठेवला आहे.

सर जवळच्या एका शाळेत गणित शिकवायचे. वडील चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे कापायचे. मागावर चढवायच्या लांबलचक पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली, आणि त्यातून चादरीवर मोर उमटायचा. सर म्हणायचे, “मोर पुठ्ठ्यात नाही, धाग्यातही नाही. तरी दर वेळी तोच मोर येतो. मग तो राहतो कुठं?” बाकीची पोरं मोराकडे बघत मोठी झाली, सर पुठ्ठ्याकडे बघत. चाळिशीला आले तरी तो प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. माणसाच्या डोक्यात आठवण कशी राहते, शिकणं म्हणजे आत नेमकं काय होतं, आणि ते एखाद्या साध्या वस्तूकडून करून घेता येईल का, एवढंच त्यांना पाहिजे होतं. बढती, घर, प्लॉट यांतलं काही नको.

शाळेत त्यांना बरोबर उत्तरांत गोडी नव्हती. बरोबर उत्तरं सगळी सारखी, म्हणायचे. चूक दिसली की हे खुर्ची ओढून बसायचे. आमच्या गल्लीतली अंजुम चौथीत होती आणि तिला वजाबाकी काही केल्या येत नव्हती. वर्गात तिला डोकं नाही असं ठरून गेलं होतं. तिचे अब्बा माग चालवायचे. ते एकदा सरांच्या दारात येऊन उभे राहिले. “सर, मार पायजे तो मारो, लेकिन बच्ची को पागल नक्को बोलो.”

सरांनी अंजुमची जुनी पाटी मागवली. त्रेचाळीसमधून अठरा गेले, उरले पस्तीस. सर बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, ती चिठ्ठी घडी करून अब्बांच्या हातात दिली आणि अंजुमला नवं गणित घातलं, बासष्टमधून सत्तावीस. तिने जीभ बाहेर काढून उत्तर लिहिलं: पंचेचाळीस. “आता चिठ्ठी उघडा,” सर म्हणाले. चिठ्ठीत पंचेचाळीसच होतं.

अब्बा घाबरले. मीही थोडी घाबरले.

“पोरगी चुकत नाही,” सर म्हणाले. “ती मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढते, मग तो वर असो की खाली. नियम चुकीचा आहे, पण पाळते बघा किती इमानानं! ज्याला डोकं नाही त्याला असं जमेल का?” आठवडाभरात अंजुमची वजाबाकी सुधारली. अब्बांनी त्या चिठ्ठीचं पुढे काय केलं माहीत नाही. कुणी म्हणायचं, ताईत केला.

गुंडप्पा आला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आणि तो आमच्याच घरी आला, कारण सरांच्या पुढच्या खोलीत दोन माग होते आणि त्यांच्या दणक्याने काड्यापेट्या उड्या मारायच्या.

विलायतेत कुणीतरी काड्यापेट्यांचं शिकणारं यंत्र केलंय, असं सरांनी रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. त्यांनी गल्लीभर फिरून चोवीस रिकाम्या काड्यापेट्या गोळा केल्या आणि एका लाकडी ट्रेमध्ये ओळीने चिकटवल्या. खेळ अगदी पोरांचा. खडूने आखलेली नऊ घरं. अलीकडे आपले तीन चिंचोके, पलीकडे यंत्राच्या तीन कवड्या. सरळ एक घर पुढे जायचं, तिरकं जाऊन मारायचं. जो आधी पलीकडच्या ओळीत पोचेल, किंवा समोरच्याला हलायला जागा ठेवणार नाही, तो जिंकला.

यंत्राची पाळी आली, की पटावर जी मांडणी असेल तिचं चित्र ज्या पेटीवर आहे ती पेटी शोधायची. चित्रात रंगीत बाण असायचे, लाल, हिरवा, पिवळा. जितक्या चाली शक्य तितके बाण. पेटीत त्याच रंगांचे मणी. पेटी हलवायची, डोळे मिटून एक मणी काढायचा आणि त्या रंगाच्या बाणाप्रमाणे कवडी सरकवायची. यंत्र हरलं तर शेवटच्या चालीचा मणी काढून टाकायचा. जिंकलं तर त्या डावात निघालेल्या प्रत्येक रंगाचा एकेक मणी वाढवायचा. बस. एवढ्याला सर शिकणं म्हणायचे.

आमच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणायची, त्या मूळच्या दुधनीच्या. सोंगट्यांच्या खेळात त्यांना हरवलेला माणूस मी पाहिला नव्हता. त्या ट्रेकडे बघून म्हणाल्या, “डोळं झाकून मणी काढायचा, ह्यात डोकं कुटं हाय वो मास्तर?”

“अव्वा, तुम्ही भाकरी थापता तेव्हा तुमचं डोकं कुठं असतं?”

अव्वांनी जरा विचार केला. “भाकरीत नसतंय, हे खरं हाय.”

“मग याला थोडे दिवस द्या की.”

अव्वांनी त्याचं नाव गुंडप्पा ठेवलं, आणि पहिले पंधरा दिवस त्याला धुऊन काढला. गुंडप्पा बिचारा काहीही करायचा. मारायची सोंगटी समोर असताना भलतीकडेच जायचा. अव्वा पदर तोंडाला लावून हसायच्या. मग हळूहळू त्यांचं हसणं कमी झालं. पावसाळ्याच्या तोंडाला गुंडप्पा त्यांना पाचातले तीन डाव हरवायला लागला, आणि गौरी-गणपतीपर्यंत तो हरेनासाच झाला. “चोर हाय मेला,” अव्वा म्हणायच्या. “माझंच बगून शिकला.”

“हेच!” सर टाळी वाजवायचे. “हेच तर अव्वा!”

त्यांच्या मोठ्या वहीत दोन रकाने असायचे, एक अव्वांचा आणि एक गुंडप्पाचा. माहेरी आठ दिवस राहून आल्या की अव्वा थोड्या चुकायच्या, गुंडप्पा चुकायचा नाही. हे सरांना खटकलं. माणसासारखं शिकायचं तर माणसासारखं विसरायलाही पाहिजे. म्हणून त्यांनी नियम काढला: दर सोमवारी भरलेल्या पेट्यांतून एकेक मणी डोळे मिटून टाकून द्यायचा. माझ्या नवऱ्याने विचारलं, “सर, शाळेत पोरांना लक्षात ठेवायला शिकवता, आणि याला विसरायला?” सर म्हणाले, “याचंच अवघड आहे हो. पोरांना ते शिकवावं लागत नाही.”

दोन रकान्यांच्या या वहीवरून सरांनी मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. दोन वर्षांची जागा होती, तिथेच राहून याच विषयावर काम करायची. वयाच्या अटीमुळे सरांना त्या वर्षीच मिळाली तर मिळणार. पत्रामागून पत्र गेलं. शेवटी उत्तर आलं, की प्राध्यापक भाचीच्या लग्नाला सोलापुरात येताहेत, लग्नाच्या सकाळी तासभर येऊन यंत्र बघतील. पद्मावहिनींनी ते पत्र देवापुढे ठेवलं. सर म्हणाले, “बघू या की.” पण त्या आठवड्यात त्यांनी दोनदा छत्री शाळेतच ठेवून घरी आले आणि वहीत स्वतःचंच नाव लिहिलं.

पाहुणे येण्याच्या आदल्या दुपारी सर शाळेत होते. अव्वा ट्रेसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “उद्या मुंबईचे पावणे येणार, आन् गुंडप्पाचं घर बग कसलं कळकट हाय.”

मी फडकं घेतलं. पेट्या पुसता पुसता अव्वांनी एक उघडली. आत बारा लाल मणी आणि एक हिरवा. दुसरी उघडली, तिच्यात एकुलता एक पिवळा. तिसरीत नऊ आणि दोन. मणी तरी कसले, रंग उडालेले, कुणाच्या तुटलेल्या माळेतले.

“अगं, हा तर पंक्तिप्रपंच झाला!” अव्वा म्हणाल्या. त्यांच्या घरात पंगतीला कुणाच्या ताटात भजं एक जास्त पडलं तरी त्या वाढणाऱ्याला उठवायच्या. एकाला भरभरून आणि दुसऱ्याला उपाशी, हे त्यांना काड्यापेट्यांच्या बाबतीतही बघवलं नाही. “शिकल्यासवरल्याला शोभतंय का हे?”

आता, यंत्राचे सगळे नियम मला तोंडपाठ होते. रोज संध्याकाळी मणी मीच काढायचे आणि घालायचे. पण पाठ असणं आणि कळणं यांत जे अंतर असतं, त्यात माझं सगळं शिक्षण झालेलं आहे. मी उठले, कोपऱ्यावरच्या कासाराकडून काचेचे नवे चकचकीत मणी आणले, आणि दोघींनी मिळून चोवीस पेट्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या. प्रत्येक बाणाचे तीन-तीन. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. जुने मणी तुळशीच्या कुंडीत ओतले. काम इतकं सुबक झालं होतं, की सरांना आधी सांगायचं नाही, उद्याच चकित करायचं, असं ठरलं. हे ठरवणारी मी.

सकाळी पाहुणे आले. सडपातळ, चष्मेवाले, लग्नाच्या घाईत असूनही सभ्य. जाड चादरीच्या घडीवर बसले, पद्मावहिनींचा चहा घेतला, अव्वांचा चिवडा चाखला आणि चिंचोका पुढे सरकवला. सरांनी पेटी हलवली आणि सवयीप्रमाणे डोळे मिटून मणी काढला.

गुंडप्पाने अशी चाल केली, की अव्वांनी कपाळाला हात लावला. त्या चालीने तो उन्हाळ्यात हरायचा. पाहुण्यांनी तिसऱ्या चालीत डाव संपवला. दुसरा डाव तसाच गेला. सरांचे कान लाल झाले. “बघू या की,” ते म्हणाले, आणि तिसराही गेला.

तेव्हा त्यांनी मिटलेले डोळे उघडून मणी चिमटीत धरला. उजेडाकडे नेऊन पाहिला. मग एक पेटी उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. बारा लाल आणि एक हिरवा म्हणजे काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. सहा महिन्यांचं सगळं शिकणं त्या असमानतेतच होतं, दुसरीकडे कुठेही नव्हतं, आणि ते मी तुळशीत ओतलं होतं.

सरांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाहुण्यांना म्हणाले, “सर, हा आज पहिल्यापासून शिकतोय. पन्नास-साठ डाव थांबलात तर तुमच्या डोळ्यांदेखत शिकेल.”

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मुहूर्त अकराचा होता. त्यांनी वही चाळली, दोन पानांवर थांबले, “कष्ट बरेच घेतलेत,” म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर मी रडायला लागले. सरांनी विचारलं, “वहिनी, किती-किती घातले?”

“तीन-तीन.”

“आणि त्याआधी काय करत होतात?”

“पुसत होते.”

त्यांनी छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. मग पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. पद्मावहिनींनी कपबशा उचलल्या.

अव्वा मात्र उठल्या. नऊवारीचा काष्टा आवळला आणि म्हणाल्या, “चल गं.” टांगा करून आम्ही लग्नाच्या मांडवात पोचलो. अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. अव्वा वऱ्हाडातून वाट काढत थेट पाहुण्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“सायेब, मास्तरचं यंत्र खुळं न्हाई. खुळ्या आमी. ते लई शाणं होतं, मला रोज हरवायचं. आमी दोगींनी त्याची सगळी अक्कल काल काढून टाकली.”

पाहुणे गोंधळले. मग हसले. “बरं आजी. आलाच आहात तर जेवून जा.”

“जेवाय न्हाई आलो. तुमी लिवून घ्या की.”

“लक्षात राहील माझ्या.”

“तसं न्हाई. मास्तर म्हणतोय मानसाच्या ध्यानाचा भरवसा न्हाई. लिवा.”

पाहुण्यांनी खिशातून डायरी काढली आणि खरोखरच दोन ओळी लिहिल्या. अव्वांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, “लिवलं का गं?” मी म्हणाले, “लिहिलं.” काय लिहिलं ते मला दिसलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने पोस्टमन गल्लीत आला की अव्वा ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. मी सरांना एकदा म्हणाले, “तुमच्या वहीत सगळे डाव लिहिलेले आहेत. त्यावरून मणी परत तसेच भरता येतील ना?” सर म्हणाले, “येतील की. पण मग मला कसं कळणार, दुसऱ्यांदा तो तसाच शिकतो का?” आणि त्यांनी अव्वांना पटासमोर बसवलं, तीन-तीन मण्यांपासून. गुंडप्पा दुसऱ्यांदाही शिकला, पण वेगळ्याच चालींनी जिंकायला लागला. सरांनी वहीत तिसरा रकाना आखला. मला त्यांचं हे उत्साहाने बोलणं ऐकवायचं नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं वाटायचं. एकदा मी तसं म्हणालेही. “राग आला होता वहिनी,” ते म्हणाले. “चांगला दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी तो किती उरलाय ते मोजायला गेलो, आणि मोजताना गेला.”

पुढच्या मे महिन्यात सरांच्या घरच्यांचं पद्मावहिनींच्या भावाकडे इचलकरंजीला कायमचं जायचं ठरलं. तिथल्या शाळेत जागा मिळत होती. सामान बांधत असतानाच मुंबईचं पाकीट आलं. सर ते हातात घेऊनच आमच्या ओट्यावर आले. मी ओट्याच्या पायरीवर गहू निवडत होते. अव्वा आतून लगबगीने आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या.

“मोठ्यानं वाचा.”

“इंग्रजीत आहे अव्वा. मराठीत सांगतो.” सरांनी घडी उलगडली. “जागा मिळाली नाही.”

अव्वांनी डोळे मिटले.

“थांबा की, पुढं आहे. लिहितात, आपला प्रयोग मला फार आवडला. लग्नमांडवात येऊन आजींनी जो खुलासा केला, तो मी समितीपुढे शब्दशः वाचून दाखवला आणि तो सर्वांना मान्य झाला. यंत्राच्या त्या दिवशीच्या खेळाचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही. या जागेसाठी एम. एस्सी. पाहिजे, ती आपल्याकडे नाही, कारण तेवढंच.”

“आमच्यामुळं न्हाई?”

“काहीही संबंध नाही असं लिहिलंय. काहीही.”

“पुन्ना वाचा की तेवढं.”

सरांनी पुन्हा वाचलं. या खेपेला ‘समिती’च्या जागी ‘मंडळ’ आलं आणि आजींच्या चिवड्याचंही कौतुक आलं. अव्वा ऐकता ऐकता सैल होत गेल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, हसल्या, आणि म्हणाल्या, “मानूस बरा दिसतोय. अजून काय लिवलंय?”

सरांच्या पाठीमागे संध्याकाळचं ऊन होतं. विमानाच्या टपालाचा असतो तसला पातळ कागद त्यांनी समोर धरला होता आणि त्यातून ऊन आरपार येत होतं. मला पायरीवरून उलटी अक्षरं दिसत होती. टाइप केलेल्या अडीच ओळी आणि खाली सही. सर वाचत होते, आणि त्यांचं बोट सहीच्याही खाली, कोऱ्या कागदावरून, ओळीमागून ओळ हळूहळू सरकत होतं.